डीआरओचा अर्ज भरताना जमाखर्च कसा लिहायचा, इंग्लंड-वेल्समधल्या आपल्या लोकांसाठी

इंग्लंडमध्ये किंवा वेल्समध्ये राहताय, क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ओव्हरड्राफ्ट, थकलेला काउन्सिल टॅक्स हे सगळं मिळून आता फेडणं शक्यच नाहीये अशी वेळ आली असेल तर डेट रिलीफ ऑर्डर म्हणजे डीआरओ हा कर्जं माफ होण्याचा कायद्याने दिलेला रस्ता आहे, आणि तो मिळणार की नाही हे खूपदा एकाच आकड्यावर अडतं. महिन्याच्या उत्पन्नातून महिन्याचा रास्त घरखर्च वजा करायचा, मागे ७५ पाउंड किंवा त्याहून कमी उरले तर बसतं, जास्त उरले तर नाही.

बाकीच्या अटी पटकन सांगतो. एकूण कर्ज ५०,००० पाउंडांच्या आत पाहिजे (२८ जून २०२४ पासून ही मर्यादा वाढवलीये), मालमत्ता २,००० च्या आत, गाडी असेल तर ती ४,००० पर्यंतची चालते, स्वतःचं घर नको आणि गेल्या ६ वर्षांत आधीचा डीआरओ झालेला नको. फी आधी ९० पाउंड होती, ६ एप्रिल २०२४ पासून ती पूर्ण माफ आहे. अर्ज आपला आपण करता येत नाही, सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन अशा संस्थांमधून मान्यता असलेल्या सल्लागाराकडूनच जातो आणि ही मदत फुकट असते, त्यामुळे कोणी फोन करून पैसे मागत असेल किंवा तुमचं ऐकून घ्यायच्या आधीच पाच-सहा वर्षं हप्ते भरायच्या आयव्हीएत (कर्ज देणाऱ्यांशी केलेल्या कायदेशीर करारात) घालायला बघत असेल तर फोन ठेवून द्या. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत, हे तिकडे लावू नका.

आता मूळ मुद्दा. जमाखर्च लिहिताना आपले लोक खर्च लपवून वाढवतात असं मी फारसं पाहिलं नाही, उलट खर्च कमी लिहितात. काटकसरीने राहायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं, त्यात कर्ज झालंय याची लाज, मग समोरच्याला आपण उधळे वाटू नये म्हणून किराण्याला १०० लिहितात, कपड्यांना शून्य, केस कापायला शून्य, दिवाळीला शून्य. कागदावर महिन्याला १८० पाउंड शिल्लक दिसतात जे प्रत्यक्षात कधीच नसतात. सल्लागार म्हणतो अहो मग डीआरओ कशाला, तुम्ही हप्त्याने फेडू शकता की, आणि माणूस अशा हप्त्यात अडकतो जो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुटणारच असतो. मला मनापासून सांगायचंय, खरा खर्च लिहिणं म्हणजे फसवणूक नाही. कायदा तुमच्याकडून उपाशी राहायची अपेक्षा करत नाही.

सुरुवात बँक स्टेटमेंटपासून करा, मनातल्या आकड्यांपासून नको. निदान तीन महिन्यांची सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स काढा, ॲपमधली खाती, जुनं विसरलेलं खातंसुद्धा, आणि प्रत्येक ओळीपुढे हे कशासाठी होतं ते लिहा. कंटाळवाणं आहे पण सल्लागार तुमची स्टेटमेंट्स बघणारच आहे, तुमचा कागद आणि स्टेटमेंट जुळलं तर अर्धे प्रश्न तिथेच संपतात.

मग सगळं महिन्यावर आणा, आणि इथे फार लोक चुकतात. आठवड्याचा पगार असेल तर चारने गुणायचं नाही. वर्षात ५२ आठवडे, म्हणून ५२ ने गुणून १२ ने भागायचं. समजा हातात आठवड्याला ३२० येतात, चारने गुणलं तर १२८०, बरोबर पद्धतीने १३८६ पाउंड ६७ पेन्स. फरक १०६ चा, म्हणजे ७५ ची रेषा त्या एकाच चुकीत ओलांडली जाते. दर चार आठवड्यांनी पैसे येत असतील, चाइल्ड बेनिफिट बहुतेकांना तसंच येतं, तर १३ ने गुणून १२ ने भागा. युनिव्हर्सल क्रेडिट महिन्याचंच असतं, ते आहे तसं लिहा. आणि हाच हिशोब खर्चालाही लावा, आठवड्याचं भाडं किंवा आठवड्याचा किराणा चारने गुणलात तर तुमचाच खर्च कमी दिसतो, नुकसान तुमचंच.

ओव्हरटाइम किंवा कमी-जास्त शिफ्ट असतील तर एकच चांगला महिना उचलू नका आणि एकच वाईट महिनाही उचलू नका, काही महिन्यांची सरासरी घ्या आणि ती कशी काढली ते सल्लागाराला दाखवा. डिसेंबरमध्ये केअर होममध्ये डबल शिफ्ट केल्या म्हणून वर्षभर तेवढेच मिळतात असं होत नाही ना.

नवरा-बायको दोघं कमावत असतील आणि कर्ज एकाच्याच नावावर असेल तर दुसऱ्याने ते फेडावं असं कोणी म्हणत नाही, पण घरखर्चात त्याचा वाटा किती हे दाखवावं लागतं. दुसऱ्याचाही चांगला पगार असताना पूर्ण भाडं स्वतःच्या नावावर दाखवलं तर ते परत येणार. शेअरिंगच्या घरात राहत असाल तर फक्त तुमचा वाटा लिहा, आणि भाड्यात गॅस-वीज-वायफाय धरलेलं असेल तर ते पुन्हा वेगळं लिहू नका. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या डीआरओने फक्त एकच सुटतो, दुसऱ्यामागे ते राहतं, त्यामुळे दोघांनी मिळून सल्ला घ्या.

खर्चात काय धरत नाहीत? जी कर्जं डीआरओत जाणार आहेत त्यांचे हप्ते. कार्डाचं मिनिमम पेमेंट खर्चात टाकून शिल्लक शून्य दाखवणारे खूप भेटतात, तसं चालत नाही, कारण ऑर्डर झाल्यावर ते हप्ते भरायचेच नाहीयेत. उलट कोर्टाचा दंड किंवा मुलाच्या पोटगीची थकबाकी डीआरओने माफ होत नाही, ते भरत राहावं लागतं, म्हणून त्याचा हप्ता सल्लागाराला नक्की सांगा.

आता जे विसरतात ते, आणि यावर वेळ घालवा कारण इथेच खरा जमाखर्च बनतो. वर्षातून एकदा येणारे खर्च १२ ने भागून लिहायचे. काउन्सिल टॅक्स साधारण एप्रिल ते जानेवारी असा दहा हप्त्यांत जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चचं स्टेटमेंट बघितलं तर तो दिसतच नाही, आणि इतर महिन्यांत जास्त दिसतो, वर्षाचा आकडा घेऊन बाराने भागा. गाडीचा एमओटी (दरवर्षीची तपासणी), विमा, रोड टॅक्स, टायर. गॅसचं बिल जुलैचं नका घेऊ, हिवाळा धरून वर्षाची सरासरी घ्या. मुलांचे युनिफॉर्म आणि बूट, ते तर वर्षात दोनदा लहान होतात. चष्मा, डेंटिस्ट, औषधं. कामाचे बूट. शाळेची ट्रिप. फोन. कुकर किंवा वॉशिंग मशीन बिघडलं तर दुरुस्ती. सण आणि मुलांचे वाढदिवस, हो, थोडे रास्त पैसे त्यालाही धरतात, लाजू नका. सल्लागार स्टँडर्ड फायनान्शियल स्टेटमेंट नावाचा ठरलेला तक्ता वापरतात, त्यात किराणा-घरसामान, फोन आणि करमणूक, वैयक्तिक खर्च अशा गटांना एक अपेक्षित मर्यादा असते. त्याच्या वर गेलं म्हणजे नाकारलं असं नाही, कारण द्यावं लागतं. डायबेटिस आहे म्हणून वेगळं खाणं, रात्रपाळीला बस नाही म्हणून टॅक्सी, असं एका ओळीत खरं कारण लिहा.

उलट टोकही सांगतो. खर्च उत्पन्नापेक्षा २०० ने जास्त दिसत असेल तर प्रश्न येणारच की मग हे २०० येतात कुठून. मित्र देतोय का, अजून कार्ड घासताय का, की कॅशमध्ये काही काम आहे जे लिहिलं नाही? उत्तर खरं असेल तर काही बिघडत नाही, फक्त ते कागदावर असू द्या.

आई-वडिलांना गावी पाठवायचे पैसे ही आपल्याकडची सगळ्यात दुखरी ओळ. स्टेटमेंटवर ते दिसतातच, त्यामुळे गप्प बसण्यात अर्थ नाही. डीआरओत बघतात ते तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या रास्त गरजा, म्हणून ते आपोआप मंजूर होतील असं धरू नका, पण वडील अंथरुणावर आहेत, औषधं तुमच्याच पैशावर चालतात असं असेल तर बिलं दाखवा, सल्लागाराशी स्पष्ट बोला. भिशीचा हप्ता मात्र खर्च नाही, ती बचत आहे आणि भिशीत अडकलेले तुमचे पैसे मालमत्तेत येतात. व्हिसा रिन्यूअल जवळ आलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, व्हिसाबरोबर भरायचा हेल्थ सरचार्जच बहुतेक मोठ्यांना वर्षाला १,०३५ पाउंड आहे, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कमसुद्धा २,००० च्या मर्यादेत मोजली जाऊ शकते. व्हिसावर असाल तर डीआरओच्या आधी इमिग्रेशन सल्लागाराशीही एकदा बोलून घ्या.

मालमत्तेचा विषय वेगळा आहे पण जमाखर्चाच्याच बैठकीत निघतो म्हणून सांगतो. भारतातलं सगळं मोजतात. पुण्यातली एफडी, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू, पीपीएफ, अंगावरचं आणि लॉकरमधलं सोनं, आणि वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलेलं तुमचं नाव. "ती जमीन भाऊ कसतो, माझी कुठे" असं मनात असतं, पण कागदावर हिस्सा तुमचा आहे, तो सांगावाच लागतो. बायकोचं स्त्रीधन तुमच्या अर्जात तुमची मालमत्ता नाही, पण ते तिचं आहे हे सांगता आलं पाहिजे. आणि अर्जाच्या तोंडावर पैसे भावाच्या खात्यात सरकवणं किंवा बाकी सगळ्यांना सोडून फक्त मित्राचे पैसे फेडणं अजिबात करू नका, अशा गोष्टी मागच्या दोन वर्षांच्या विचारतात, आणि लपवाछपवी सापडली तर डीआरओ रद्द होऊ शकतो, वर २ ते १५ वर्षांचे निर्बंध लागू शकतात.

शिकायला आलेल्या मुलांसाठी खास. भारतातल्या बँकेचं एज्युकेशन लोन असेल तर ते यादीत सांगायचं, पण इथल्या ऑर्डरमुळे ती बँक भारतात वसुली थांबवेलच असं नाही, आणि वडील जामीन किंवा सहकर्जदार असतील तर त्यांची जबाबदारी तशीच राहते. हे वडिलांना आधी सांगा, बँकेच्या फोनवरून कळू देऊ नका.

स्वतःची लिमिटेड कंपनी काढून आयटीत कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांनी थांबून वाचा, डीआरओच्या काळात कोर्टाच्या परवानगीशिवाय कंपनीचं डायरेक्टर राहता येत नाही. म्हणजे उत्पन्नाचा अख्खा मार्गच बदलू शकतो आणि मग मांडलेला जमाखर्चही.

कागद जमवायला वेळ लागतोय आणि तोवर वसुलीवाले पत्रांवर पत्रं पाठवतायत अशी परिस्थिती असेल तर सल्लागाराला ब्रीदिंग स्पेसबद्दल विचारा, ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि वसुली थांबते, चालू भाडं आणि बिलं मात्र भरत राहायची.

ऑर्डर निघाली की १२ महिने वाट बघायची, त्यात तुमची परिस्थिती फारशी बदलली नाही तर त्यातली कर्जं माफ होतात, नोंद क्रेडिट फाइलवर ६ वर्षं राहते, आणि त्या वर्षात ५०० पाउंड किंवा जास्त उधार घेताना डीआरओ आहे हे सांगावं लागतं. या १२ महिन्यांत पगार वाढला, नवी नोकरी लागली, भारतातून वारशाचे पैसे आले तर ऑफिशियल रिसीव्हरला, म्हणजे डीआरओ देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवणं बंधनकारक आहे. पगार वाढला की लगेच ऑर्डर जाते असं समजून घाबरून गप्प बसू नका, भाडं आणि वीजही वाढलेली असते, जुनाच तक्ता नव्या आकड्यांनी पुन्हा भरा, शिल्लक किती येते ते बघा आणि नव्या पेस्लिपबरोबर पाठवून द्या.