लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये उतरताय? आधी डबा आणि बाटली

सायकलिंगकडे करिअर म्हणून बघणारी मुंबईतली मुलं भेटली की प्रश्न सायकलचेच येतात. कार्बन फ्रेम घेऊ का? पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर लागतोच का? मी म्हणतो, ते होईल सावकाश, आधी खाण्याचं बघा.

तासभर सरासरी 200 वॉट लावले की 720 किलोज्यूल काम होतं. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भागच पेडलपर्यंत पोहोचवतं, त्यामुळे साधारण तेवढ्याच किलोकॅलरी जळतात. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेलं कार्बोहायड्रेट, मिळून सुमारे 2000 किलोकॅलरींचं. चरबी भरपूर असते, पण चढावर जोर लावला की शरीर कार्बोहायड्रेटच मागतं. म्हणूनच पहाटे मुलुंडहून उपाशीपोटी निघालेला तगडा पोरगाही बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाआधीच बाँक होतो, म्हणजे हा साठा संपून गळून जातो. टूर द फ्रान्सचे रायडर तर तीन आठवडे दिवसाला सरासरी 6000 किलोकॅलरींच्या आसपास खर्च करतात. एवढं खाऊन पचवणं हीसुद्धा त्यांच्या कामातली कमाईची गोष्ट आहे.

दोन-अडीच तासांपर्यंतच्या राइडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब पुरतात, त्यापुढे 90 पर्यंत जायला हवं. नुसत्या ग्लुकोजने ते जमत नाही, कारण आतडं तासाला जेमतेम 60 ग्रॅम ग्लुकोज शोषतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी. आपली डब्यातली साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज! माझी तासाभराची बाटली अशी: 750 मिली पाणी, 60 ग्रॅम साखर, एक लिंबू, पाव चमचा मीठ. सोबत एक केळं, म्हणजे आणखी 25 ग्रॅम. महागड्या एनर्जी जेलवाचून सुरुवात अडत नाही. मात्र पोटाला सवय लागायला काही आठवडे जातात, तेव्हा शर्यतीच्या दिवशी नवं काही पोटात घालू नका. वडापाव घाट उतरल्यावर खा, तेलकट खाणं पोटात रेंगाळतं.

मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगही थंड होत नाही. निघताना आणि परतल्यावर वजन करा. प्यायलेलं पाणी धरून एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कठीण सेशन असेल तर राइडनंतरचे पहिले चार तास दर किलो वजनामागे तासाला एक ग्रॅम कार्ब घ्या. वरणभात, शिकरण-पोळी, बटाटा, काहीही चालेल. प्रोटीन प्रत्येक जेवणात 20-25 ग्रॅम. नुसत्या वरणातून ते निघत नाही, जोडीला अंडी, दही किंवा पनीर लागतंच.

झोपेत मात्र मुंबई आडवी येते. ट्रॅफिक टाळायला चारला उठायचं, मग लोकलमध्ये उभ्याने ऑफिस गाठायचं. तो प्रवासही ट्रेनिंगच्या भारात धरा. आदल्या रात्री उशीर झाला असेल तर इंटरव्हल्स (थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम असा कठीण सराव) रद्द करून तासभर हलकं फिरा, पाम बीच रोडवर सपाट.

आणि हे कळकळीने सांगतो: वजन उतरवण्याच्या नादात कमी खाऊ नका. ऊर्जेच्या या तुटवड्याला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये रेड-एस हे नाव दिलं. मुलींची पाळी लांबली किंवा थांबली, सतत आजारपण, चिडचिड, हाडांना बारीक तडे अशी लक्षणं दिसली तर कोचला स्पष्ट सांगा आणि स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत कठीण राइड बंद.