न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या सेंट लुईस हॉटेलचा इतिहास कसा शोधायचा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कुठल्याही जुन्या हॉटेलचा इतिहास काढायचा असेल तर नुसत्या माहितीपत्रकावर विसंबू नका, त्यात झुंबरं, बॉल डान्स आणि बडे पाहुणे एवढंच असतं. सेंट लुईस हॉटेलचंच बघा. १८३८ ला सुरू झालं, काही वर्षांतच जळलं, लगेच परत उभं राहिलं. मधल्या गोल हॉलवर मोठा घुमट, वजन कमी व्हावं म्हणून मातीची पोकळ मडकी रचून बांधलेला, याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, पण त्याच घुमटाखाली इस्टेटी आणि पेंटिंगांसोबत गुलाम माणसांचे लिलाव व्हायचे, आणि शोधायचं खरं तर तेच आहे.

पहिल्यांदा इमारतीची सगळी नावं गोळा करा. सिटी एक्सचेंज, सेंट लुईस हॉटेल, नंतर हॉटेल रॉयल, एकाच नावाने सर्च केलंत तर अर्धं हातातून सुटतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर जुने पेपर फुकट आहेत, फक्त छपाई पुसट असल्याने सर्च बऱ्याचदा फसतो, म्हणून जाहिरातींचं पान स्वतः डोळ्यांखालून घाला.

सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी काढलेले इमारतींचे नकाशेही तिथेच मिळतात, गुलाबी म्हणजे विटांचं बांधकाम, पिवळं म्हणजे लाकडी. पण ही कंपनीच १८६७ ची, त्यामुळे लिलावांच्या काळासाठी उपयोग नाही, नंतरच्या इमारतीसाठी बघा.

आता मुख्य काम. लिलावाची जाहिरात सापडली की शेवटच्या बारीक ओळी नीट वाचा, खरेदीखत कुठल्या नोटरीसमोर होणार ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं. ते नाव आणि तारीख घेऊन शहराच्या नोटरी दप्तरात जा, तिथली दस्तांची बाडं नोटरीच्या नावानेच लावलेली आहेत. विकल्या गेलेल्या माणसाचं नाव, वय, किंमत, कधी कधी कामही दस्तात मिळतं. बरेच दस्त फ्रेंचमध्ये आहेत, तेव्हा फ्रेंच वाचणारं कुणी सोबत असेल तर फार बरं पडतं.

प्रत्यक्ष जागाही बघून या. १९१५ च्या वादळानंतर जुनी इमारत पाडली आणि १९६० ला त्याच जागी नवं हॉटेल आलं, पण चार्टर्स स्ट्रीटच्या बाजूला जुन्या भिंतीचा तुकडा आहे, त्यावर ‘एक्सचेंज’मधली ‘चेंज’ एवढीच इंग्रजी अक्षरं उरलीत, फुटपाथवरूनच दिसतात.