विकिडेटावर संदर्भ देताना या चुका टाळा

विकिडेटा या विकिपीडियाच्या भगिनी माहितीसाठ्यावर एखादे विधान, म्हणजे ‘अमक्याची जन्मतारीख अमुक’ अशी नोंद, जोडणे मिनिटभराचे काम असते आणि बहुतेक चुका त्या मिनिटातच होतात. सर्वांत घातक चूक म्हणजे ‘विकिमीडिया प्रकल्पातून आयात’ हा पी१४३ गुणधर्म दिसताच विधानाला आधार आहे असे मानणे. त्यावरून माहिती कोठून उचलली एवढेच कळते. ती खरी कशावरून, हे कळत नाही.

एका दिवंगत नाटककाराच्या जन्मतारखेला मी तीन संदर्भ जोडलेले पाहिले: एक मराठी विकिपीडियाचा आणि दोन वृत्तपत्रांतील स्मृतिलेखांचे. विकिपीडियावरील पानाचा इतिहास चाळला, तेव्हा ती तारीख कोणताही आधार न देता एका निनावी संपादनातून आल्याचे दिसले. दोन्ही लेख त्यानंतरचे होते आणि एकात तर पानावरचे वाक्य स्वल्पविरामांसह जसेच्या तसे उतरले होते. नाटककाराने आत्मचरित्रात दिलेले वर्ष मात्र वेगळेच होते. मी ते वर्ष पी२४८ म्हणजे ‘येथे नमूद’ हा गुणधर्म आणि पृष्ठक्रमांक देऊन नोंदवले, आणि जुने मूल्य न पुसता, कारण लिहून, त्याला ‘अमान्य’ दर्जा दिला. पुसले असते, तर पुढच्या आयातीत ते निमूटपणे परत आले असते. संदर्भ किती आहेत हे मोजण्याआधी त्यांतला सर्वांत जुना कोणता, हे मी नेहमी पाहतो.

जुन्या तारखांची दिनदर्शिका न पाहणे, ही दुसरी चूक. जेधे शकावली या जुन्या कालानुक्रमिक नोंदींतील शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी आहे. तिची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय दिनदर्शिकेतली, असून आजच्या ग्रेगोरियन गणनेने त्या दिवशी १ मार्च येतो. दिनदर्शिका न तपासता आकडे भरणारे उतावीळ संपादक दहा दिवसांची चूक करतात आणि ती संदर्भासकट मिरवत राहते. शिवजन्माचे दुसऱ्या मताचे १६२७ हे वर्षही आधारासह नोंदलेले राहू द्यावे, कारण वादग्रस्त मूल्य आणि अमान्य मूल्य या वेगळ्या गोष्टी आहेत. १६३० ला ‘प्राधान्य’ दर्जा देणे पुरेसे आहे.

पाहिल्याची तारीख न लिहिता नुसता दुवा चिकटवू नये.

विकिडेटातून माहिती शोधण्याच्या स्पार्कल या भाषेतील क्वेरीत सगळीकडे ‘डब्ल्यूडीटी’ उपसर्ग वापरणे सोपे असते, पण त्यातून सर्वोच्च दर्जाची मूल्येच मिळतात, त्यांचे संदर्भ मिळत नाहीत. विश्वासार्हता तपासायची असेल, तर ‘पी’ उपसर्गाने पूर्ण विधानापर्यंत जावे आणि तेथून ‘प्रॉव्ह’ शब्दसंग्रहातील ‘वॉजडिराइव्हडफ्रॉम’ने संदर्भ काढावेत. क्वेरी लांबते, पण विनासंदर्भ विधाने लगेच उघडी पडतात.