ट्रॉमाचा पेपर वाचताना आधी वेळ बघा, पी व्हॅल्यू नंतर

जर्नल क्लबला (पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीला) ट्रॉमाचा, म्हणजे गंभीर दुखापतीचा, पेपर लागला की बहुतेक रेसिडेंट काय करतात तर ॲब्स्ट्रॅक्ट वाचतात, कन्क्लूजन बघतात, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली आहे ना एवढं तपासतात आणि स्लाइड करायला बसतात. ड्युटीतून वेळ मिळत नाही हे मान्य, पण ट्रॉमात असं वाचून हाती काही लागत नाही, कारण रक्तस्रावाने जाणारा पेशंट पहिल्या काही तासांतच जातो आणि पेपरवाल्यांनी मोजायला सुरुवात कधी केली, थांबवलं कधी, यावर अख्खा रिझल्ट इकडचा तिकडे होऊ शकतो. त्यामुळे माझं सांगणं एकच, पेपर कुठलाही असो, आधी त्यातली वेळ शोधा.

कशी शोधायची ते सांगतो. ॲब्स्ट्रॅक्ट बाजूला ठेवा, सरळ मेथड्समध्ये जा. एक कागद घ्या, आडवी रेघ मारा, डाव्या टोकाला "इंजुरी" लिहा, पुढे पहिलं हॉस्पिटल, मग स्टडीचं हॉस्पिटल, मग पेशंट स्टडीत कधी घेतला, पहिला डोस किंवा रक्ताची पहिली बॅग कधी लागली, आणि शेवटी आउटकम (शेवटचा परिणाम) कधी मोजला. प्रत्येक ठिकाणी पेपरात दिलेला वेळ टाका, दिलाच नसेल तर प्रश्नचिन्ह. बहुतेक वेळा पेपरचा कच्चा भाग त्या प्रश्नचिन्हापाशीच सापडतो.

सरावाला क्रॅश-२ घ्या. २०१० मध्ये लॅन्सेट या जर्नलला आलेली ट्रायल, ४० देश, २७४ हॉस्पिटल, २०,२११ पेशंट, आणि त्यात भारतातलेही भरपूर. रक्तस्राव होतोय किंवा होण्याची भीती आहे अशा पेशंटला इंजुरीपासून ८ तासांच्या आत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम १० मिनिटांत आणि मग १ ग्रॅम पुढच्या ८ तासांत, दुसऱ्या गटाला प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस). एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. इथे थांबलात तर वाटेल की ८ तासांपर्यंत कधीही द्या, फायदाच आहे. पण २०११ मध्ये त्याच लोकांनी तोच डेटा वेळेप्रमाणे फोडून दाखवला आणि खरी गोष्ट तिथे कळली. रक्तस्रावाने झालेले मृत्यू बघा, पहिल्या तासात औषध मिळालं तर ७.७ टक्क्यांचे ५.३ झाले, १ ते ३ तासांत ६.१ चे ४.८, आणि ३ तासांनंतर दिलं तर ३.१ चे उलट ४.४ झाले, म्हणजे वाढले! औषध तेच, डोस तोच. आता आपल्याकडे तालुक्याहून रेफर होऊन चार तासांनी आलेल्या पेशंटला "क्रॅश-२ मध्ये फायदा दिसलाय" म्हणून सवयीने ट्रॅनेक्सा लावणं आणि तो पेपर नीट वाचलेला असणं यात किती फरक आहे बघा. रेफर करणाऱ्या हॉस्पिटलने तिथेच पहिला डोस द्यावा हे आपण फोनवर सांगू शकतो, आणि सांगायलाच पाहिजे.

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा की या पेपरमध्ये येण्याआधीच कोण मेलं? ऐकायला कठोर वाटतं पण ट्रॉमाच्या ऑब्झर्वेशनल स्टडीत (उपचार स्वतः वाटून न देता जे झालं ते नुसतं नोंदवलेल्या) यापेक्षा मोठा प्रश्न नाही, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. २००७ मध्ये बगदादच्या अमेरिकन मिलिटरी हॉस्पिटलमधला एक पेपर आला, २४६ सैनिक वगैरे पेशंट, सगळे मॅसिव्ह ट्रान्सफ्युजनवाले (खूप रक्त चढवावं लागलेले). पीसीव्हीच्या (लाल पेशींच्या बॅगांच्या) तुलनेत प्लाझ्मा कमी मिळालेल्यांत मृत्यू ६५ टक्के, मधल्या गटात ३४, आणि जवळजवळ बरोबरीने प्लाझ्मा मिळालेल्यांत १९. असे आकडे बघून जगभर प्रोटोकॉल बदलले. पण आता आपली रेघ काढा. एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा, तो वितळवून वॉर्डात यायला अर्धा तास तरी जातो, पीसीव्ही त्याआधी सुरू झालेलं असतं. जो पेशंट तेवढ्यात गेला त्याला प्लाझ्मा मिळालाच नाही, त्याचं नाव कमी प्लाझ्माच्या गटात लागलं. जो तग धरून राहिला त्याच्यासाठी प्लाझ्मा पोचला, तो जास्त प्लाझ्माच्या गटात गेला. मग प्लाझ्मामुळे जगला की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला? नुसत्या टक्क्यांवरून हे सांगताच येत नाही. शिवाय मॅसिव्ह ट्रान्सफ्युजनची व्याख्याच २४ तासांत १० किंवा जास्त बॅगा अशी, म्हणजे चौथ्या बॅगेला गेलेला पेशंट स्टडीत आलाच नाही. २००९ मध्ये अलाबामाच्या लोकांनी आपल्या पेशंटचं प्लाझ्मा-पीसीव्हीचं प्रमाण (रेशो) तासागणिक बदलतं धरून ॲनालिसिस केलं तेव्हा साध्या हिशोबात दिसलेला फायदा सिग्निफिकंट (योगायोग म्हणून सोडून देता न येणारा) राहिला नाही. म्हणून ऑब्झर्वेशनल पेपरमध्ये "ज्यांना अमुक मिळालं ते जास्त जगले" असं वाक्य दिसलं की लगेच विचारा, ते अमुक मिळण्याइतका वेळ तरी सगळे जगले होते का. सीटी, आयसीयू, अँजिओ, लवकर फिक्सेशन (मोडलेलं हाड बसवणं), सगळ्याला हाच प्रश्न लागू पडतो.

सीव्हिअरिटी स्कोअरमध्येही वेळ लपलेली असते. आयएसएस (जखमा किती गंभीर ते सांगणारा स्कोअर) १९७४ पासून चालत आलाय, शरीराचे सहा भाग, त्यातले सगळ्यात जास्त जखमी तीन, त्यांच्या एआयएसचे (त्या भागाच्या जखमेला दिलेल्या अंकाचे) वर्ग करून बेरीज, जास्तीत जास्त ७५, आणि १५ च्या वर म्हणजे मेजर ट्रॉमा. दोन्ही फीमर (मांडीची हाडं) मोडली तरी तो भाग एकदाच धरतात, ही त्याची जुनी खोट आहे. पण महत्त्वाचं म्हणजे हा स्कोअर सीटी, ऑपरेशन किंवा पीएम (पोस्टमॉर्टेम) झाल्यावर नीट भरता येतो. कॅज्युअल्टीत वीस मिनिटांत गेलेल्याचा सीटी झालेलाच नसतो, आणि पीएम रिपोर्ट कोणी आणून जोडला नाही तर कागदावर त्याचा आयएसएस कमी दिसतो. म्हणजे सगळ्यात गंभीर पेशंट डेटात साधा दिसतो! जीसीएसचं (शुद्धीच्या स्कोअरचं) तसंच, इंट्युबेट झालेल्याचा, म्हणजे श्वासनळीत नळी असलेल्याचा, व्हर्बल (बोलण्याचे गुण) कसा धरला, सेडेशनच्या आधीचा की नंतरचा, हे मेथड्समध्ये लिहिलंय का बघा. नसेल तर दोन गट सारखे होते यावर फार भरवसा ठेवू नका.

आउटकम कधी मोजला हा पुढचा मुद्दा. 'प्रॉपर' नावाची ट्रायल २०१५ मध्ये जामा या जर्नलला आली, उत्तर अमेरिकेतली १२ लेव्हल वन (सगळ्यात वरच्या दर्जाची) ट्रॉमा सेंटर, ६८० पेशंट, प्लाझ्मा, प्लेटलेट आणि रेड सेल १:१:१ विरुद्ध १:१:२. चोवीस तासांचे मृत्यू १२.७ विरुद्ध १७ टक्के, ३० दिवसांचे २२.४ विरुद्ध २६.१, दोन्हीकडे फरक सिग्निफिकंट नाही. पण पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने गेलेले ९.२ विरुद्ध १४.६, आणि हा फरक सिग्निफिकंट होता. मग ही ट्रायल निगेटिव्ह म्हणायची का? माझ्या मते नुसतं निगेटिव्ह म्हणून सोडून देणं चुकीचं आहे. रक्ताचा परिणाम पहिल्या तासांत दिसणार, नंतरच्या दिवसांत हेड इंजुरी, सेप्सिस, मल्टी ऑर्गन फेल्युअर यांचे मृत्यू त्यात मिसळतात आणि फरक धूसर होतो. मात्र कारणानुसार मोजलेला मृत्यू म्हणजे कोणीतरी बसून ठरवलेलं कारण असतं, त्यामुळे ते कोणी ठरवलं आणि त्याला गट माहीत होता का, हेही वाचायचं. हेड इंजुरीच्या ट्रायलमध्ये उलट, तिथे चोवीस तासांचा आकडा फार काही सांगत नाही, सहा महिन्यांनी पेशंट स्वतःच्या हाताने जेवतो का ते बघायला लागतं.

सवयीपेक्षा मोठी ट्रायल का मोठी, हे पटत नसेल तर पहिली क्रॅश वाचा, लॅन्सेट २००४. हेड इंजुरीला स्टेरॉइड कित्येक वर्षं बऱ्याच ठिकाणी देत होते. १०,००८ पेशंट झाल्यावर दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइड गटात २१.१ टक्के आणि प्लासिबोत १७.९ निघाले. छोट्या छोट्या स्टडीत हे कधीच दिसलं नसतं.

मग शेवटी, पेपरमधले पेशंट आपल्या पेशंटसारखे आहेत का? ह्यूस्टनची १९९४ ची स्टडी सगळे सांगतात, ५९८ पेशंट, ऑपरेशनपर्यंत फ्लुइड थांबवलं तर ७० टक्के जगले आणि लगेच दिलं तर ६२. पण ते सगळे छातीपोटात गोळी किंवा चाकू लागलेले होते आणि ओटी जवळ होती. आपला पेशंट म्हणजे बाइकवरून पडलेला, हेल्मेट नाही, पोटाबरोबर डोक्यालाही मार, आणि त्यात बीपी खाली ठेवणं मेंदूला परवडत नाही. तो पेपर जसाच्या तसा इथे उचलू नका. रीबोआचंही (महाधमनीत फुगा फुगवून रक्तस्राव तात्पुरता रोखायचा) असंच, २०२३ ची ब्रिटनमधली ट्रायल, ९० पेशंट, ९० दिवसांचे मृत्यू रीबोआ गटात ५४ टक्के आणि नुसत्या स्टँडर्ड केअरमध्ये ४२, आणि रीबोआ गटात रक्तस्राव थांबवायच्या मुख्य ऑपरेशनला उशीर झाला होता. वेळ खाणारं कुठलंही नवं उपकरण बघताना हे लक्षात ठेवा. आपल्याकडचा डेटा हवा असेल तर टिटको (भारतातल्या ट्रॉमा पेशंटच्या नोंदींचा प्रकल्प) वाचा, मुंबईचं केईएम आणि सायन, दिल्लीच्या एम्सचं ट्रॉमा सेंटर, कोलकात्याचं एसएसकेएम, २०१३ ते २०१५ मधले सोळा हजारांच्या आसपास पेशंट. त्यावरचे बरेच पेपर निघालेत, आपली कॅज्युअल्टी त्यात ओळखू येते.

आता थेसिसवाल्यांसाठी, कारण सिनॉप्सिस (थेसिसचा आराखडा) पाठवायच्या आधी हे केलं तर पुढे सोपं जातं. साठ पेशंटमध्ये मृत्यू कमी झाला हे दाखवायच्या मागे लागू नका, क्रॅश-२ ला दीड टक्क्याचा फरक दाखवायला वीस हजार लागले. त्यापेक्षा वेळच मोजा, उदाहरणार्थ दारात आल्यापासून पहिली बॅग किती मिनिटांत, किंवा सीटी किती मिनिटांत, हा विषय छोट्या आकड्यातही होतो आणि त्याने हॉस्पिटलचं काहीतरी बदलू शकतं. प्रोफॉर्मात (माहिती भरायच्या तक्त्यात) इंजुरीची वेळ, ती कोणी सांगितली (नातेवाईक, पोलीस की १०८ चा डॉक्टर), पहिल्या हॉस्पिटलची वेळ, आपल्याकडची वेळ आणि मृत्यूची वेळ असे वेगळे कॉलम ठेवा. ब्रॉट डेड (आणतानाच मेलेले) धरणार की नाही ते आधीच लिहून टाका. डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध) गेलेल्याला "जिवंत डिस्चार्ज" मध्ये टाकू नका, शक्य असेल तर घरी फोन करून विचारा, आणि त्या फोनची परवानगी एथिक्स कमिटीकडून आधी घ्या, त्याच अर्जात बेशुद्ध पेशंटची कन्सेंट कोणाकडून घेणार तेही येऊ द्या. आणि इंजुरीची वेळ खरंच कोणाला माहीत नसेल तर "माहीत नाही" असाच कोड टाका, केस पेपरवर कोणीतरी अंदाजे लिहिलेला आकडा उचलून भरू नका.