नळ, पाइप आणि फिल्टरवरचे मार्क बघताना या चुका टाळा

प्लंबर पाइप घेऊन येतो. आपण विचारतो, "आयएसआय आहे ना?" तो पाइप फिरवून मार्क दाखवतो आणि विषय तिथेच मिटतो. मार्क खरा असतो, पण तो कशासाठी मिळालाय हे शेजारचा आकडा सांगतो, आणि तो आकडा सहसा कुणी वाचत नाही.

पीव्हीसीचंच बघा. पाइपवरची बारीक अक्षरांची ओळ उजेडात धरून वाचा. आयएस ४९८५ असेल तर तो पाणीपुरवठ्याचा पाइप. आयएस १३५९२ असेल तर सांडपाण्याचा. आयएसआय मार्क दोन्हींवर असतो आणि दोन्ही ठिकाणी तो अस्सल असतो. सांडपाण्याचा पाइप पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेलाच नसतो, म्हणून तो पिण्याच्या लाइनला चालत नाही. एनएसएफ या अमेरिकी प्रमाणन संस्थेच्या मार्कचंही तसंच आहे: 'पीडब्ल्यू' म्हणजे पिण्याचं पाणी, 'डीडब्ल्यूव्ही' म्हणजे सांडपाणी आणि त्याची हवानळी.

आयएसआयच्या चौकटीवर मानकाचा क्रमांक असतो, खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की नाही, ते कळतं. खालचा क्रमांकच नसेल तर त्या मार्कवर विसंबू नका.

फिल्टर घेताना होणारी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिथे माणूस आजाराच्या भीतीने पैसे मोजतो आणि भलतंच घेऊन येतो. एनएसएफ ४२ हे मानक क्लोरीन, चव आणि वास यांपुरतं आहे. शिशासारख्या आरोग्याला घातक घटकांसाठी ५३ बघावं लागतं, आरओसाठी ५८. ४२ चा फिल्टर लावला की पाणी गोड लागतं, वास जातो आणि आपण निर्धास्त होतो. पण शिसं कमी होईल असं त्या आकड्याने कधी म्हटलेलंच नसतं. बरं, ५३ असला तरी सगळे घटक आपोआप येत नाहीत. ज्या घटकांसाठी तो फिल्टर प्रमाणित आहे त्यांची यादी माहितीपत्रकात असते, ती वाचा. मुदत संपलेल्या कार्ट्रिजच्या जागी कुठलंही बसणारं कार्ट्रिज घातलं, तर मूळ प्रमाणपत्र त्याला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आयएसओ ९००१ बघून भुलू नका. ते कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, त्या नळाचं नव्हे. 'मानकानुसार चाचणी केलेले' हे शब्दही फसवे. चाचणी कंपनी स्वतःही करू शकते. प्रमाणित म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासलेलं, आणि त्या संस्थेच्या यादीत मॉडेलचं नाव सापडायला हवं.

'लेड-फ्री' म्हणजे शून्य शिसं, असा समज सर्रास आढळतो. अमेरिकेत २०१४ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार पाण्याला लागणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांपर्यंत शिसं चालतं. त्याआधी ही मर्यादा ८ टक्के होती. म्हणजे जुना पितळी नळ 'लेड-फ्री' छापाचा असला तरी तो आजच्या मोजमापात बसेलच असं नाही. असा नळ बदलेपर्यंत रात्रभर साचलेलं पाणी आधी सोडून द्या आणि पिण्या-स्वयंपाकाला गार पाण्याची लाइनच वापरा.

नळ आणि पाइप नीट पारखले तरी जोडांकडे दुर्लक्ष होतं. सॉल्व्हंट (पाइपचे जोड चिकटवायचा द्रव), वॉशर, लवचिक होज हे सगळं पाण्याला लागतं. नव्या लाइनला सॉल्व्हंटचा वास येत असेल तर डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळला का ते विचारा, मग पाणी भरपूर सोडून लाइन धुवा. तरीही वास राहिला तर ते पाणी पिऊ नका आणि डब्यावर पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्क होता का ते तपासा.

आणि भिंत बुजवण्याआधी पाइपवरच्या त्या ओळीचा फोटो काढून ठेवा. प्लास्टर चढलं की तो आकडा वाचायला भिंत फोडावी लागते.