काउंटरवर क्रिप्टो घेताय? सोलापूरच्या दुकानदारांनो, या चुका टाळा

साउंडबॉक्सने आपल्याला एक सवय लावली आहे. ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असा आवाज आला की नवी पेठेतला दुकानदार चादरींचं बंडल बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. यूपीआयच्या बाबतीत ते बरोबरच आहे. बिटकॉइनचं तसं नाही. वॉलेटमध्ये रक्कम दोन-चार सेकंदांत दिसते, पण ती पक्की तुमची व्हायला बराच वेळ जातो. काउंटरवरची मोठी फसवणूक याच मधल्या वेळात होते.

सोलापुरात असं गिऱ्हाईक रोज येत नाही, हे खरं. परदेशात स्थायिक झालेला एखादा पाहुणा, ऑनलाइन शेंगा चटणी मागवणारा एखादा तरुण, एवढंच. पण क्वचित होणाऱ्या व्यवहारात हात बसलेला नसतो, म्हणूनच तिथे जास्त जपायला हवं.

‘पेंडिंग’ दिसताच माल देणे

ही सगळ्यात महागडी चूक. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले की तो व्यवहार आधी नेटवर्कच्या प्रतीक्षायादीत जातो. तिला मेमपूल म्हणतात. तिथून तो ब्लॉकमध्ये, म्हणजे पक्क्या नोंदींच्या गठ्ठ्यात, गेला की पहिलं कन्फर्मेशन मिळतं. पुढच्या प्रत्येक ब्लॉकला आणखी एक. तोपर्यंत लबाड माणूस तीच नाणी, जास्त फी लावून, स्वतःच्याच दुसऱ्या वॉलेटच्या पत्त्यावर पाठवू शकतो. ब्लॉक बनवणारे जास्त फीचा व्यवहार उचलतात आणि तुमच्या वॉलेटमधली नोंद गायब होते. तोवर गिऱ्हाईक ‘गाडी सुटायची आहे’ म्हणत स्टेशनच्या रिक्षात बसलेलं असतं.

‘थोडे सेकंद थांबलो, दुसरा व्यवहार दिसला नाही, म्हणजे ठीक’ ही समजूत २०१२ सालीच संशोधकांनी खोडून काढली आहे. तुमचं वॉलेट नेटवर्कच्या ज्या भागाशी जोडलेलं असतं, तिथे दुसरा व्यवहार पोहोचतच नाही, असंही घडवून आणता येतं. पूर्वी फी वाढवून बदलता येणाऱ्या व्यवहारांवर तशी खूण असायची आणि दुकानदार ती तपासायचे. आता त्या खुणेवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर या नेटवर्क चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या २८व्या आवृत्तीपासून, खूण असो वा नसो, जास्त फीचा बदली व्यवहार, वेगळी सेटिंग न करताच, स्वीकारला जातो.

मग थांबायचं किती? ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण ही फक्त सरासरी आहे. साधारण वीसातला एक ब्लॉक अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेतो. माझं मत स्पष्ट आहे: ओळखीचं गिऱ्हाईक आणि दोन-तीनशे रुपयांची चटणी असेल तर धोका पत्करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. चादरी-टॉवेलचं बिल असेल तर किमान एक कन्फर्मेशन. मोठ्या रकमेला सहा, म्हणजे अंदाजे एक तास. कुरिअरने जाणाऱ्या मालाला तर घाई करायचं कारणच नाही. पार्सल संध्याकाळीच निघणार असतं, तोवर सहा कन्फर्मेशन सहज होतात.

काउंटरवर लगेच पैसे हवे असतील तर लाइटनिंग, म्हणजे झटपट बिटकॉइन पाठवायचं जोडनेटवर्क, वापरा. तिथे पैसे काही सेकंदांत येतात आणि आल्यावर गिऱ्हाइकाला ते परत ओढता येत नाहीत. लाइटनिंगवर पैसे येतच नसतील तर बहुतेक वेळा दोन कारणं निघतात: तुमचं वॉलेट ऑनलाइन नसतं, किंवा तुमच्या चॅनेलमध्ये (दोघांनी मिळून उघडलेल्या, ठराविक रकमेच्या पैशाच्या वाटेत) पैसे घ्यायला जागाच नसते. नवं चॅनेल स्वतःच्या पैशाने उघडलं की सगळी रक्कम तुमच्या बाजूला असते, त्यामुळे समोरून काही येऊ शकत नाही. आधी थोडे पैसे बाहेर पाठवा, किंवा समोरच्या बाजूने चॅनेल उघडून घ्या.

एकच क्यूआर वर्षभर चिकटवून ठेवणे

छापील क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवण्याचा प्रकार यूपीआयमध्ये आपण पाहिलाच आहे. क्रिप्टोत आणखी एक अडचण येते. दोन गिऱ्हाइकांनी एकाच पत्त्यावर सारखीच रक्कम पाठवली तर कोणाची आली ते सांगता येत नाही. मग दुसरा माणूस पहिल्याचा व्यवहार दाखवून माल नेऊ शकतो. म्हणून प्रत्येक बिलाला नवा पत्ता काढा, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून कधीच धरू नका. तुमच्याच वॉलेटमध्ये बघा.

काउंटरवरच्या पोऱ्याच्या मोबाइलमध्ये फक्त ‘वॉच-ओन्ली’ वॉलेट ठेवा. त्यात आलेले पैसे दिसतात, बाहेर पाठवता येत नाहीत. बारा किंवा चोवीस शब्दांचा सीड फ्रेज, म्हणजे तुमच्या मुख्य वॉलेटची किल्ली, कागदावर लिहून घरी कुलपात ठेवा. त्याचा फोटो काढू नका.

‘जास्त गेले, उरलेले रोख द्या’

दोन हजारांच्या बिलाला सात हजारांचं बिटकॉइन पाठवायचं आणि पाच हजार रोख परत मागायचे. व्यवहार अजून पेंडिंग असतो. मग तो पलटवला की टॉवेलही गेले आणि गल्ल्यातले पाच हजारही. परतावा द्यायचाच असेल तर कन्फर्मेशन झाल्यावर द्या आणि क्रिप्टोतच द्या.

नाव बघून टोकन घेणे

यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो टोकन. पण त्याच नावाचं टोकन कोणीही बनवू शकतं. खरं कोणतं ते नावावरून किंवा चिन्हावरून कळत नाही, कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे ते टोकन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पत्त्यावरून कळतं. नेटवर्कही आधी ठरवा: ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो, इथेरियमचा ‘शून्य-एक्स’ने.

कराकडे काणाडोळा

भारतात क्रिप्टो हे चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून एक टक्का टीडीएसही आहे. माल देऊन क्रिप्टो घेतलं की तुम्ही ते विकत घेतलं असा अर्थ होतो, त्यामुळे भारतात राहणाऱ्या गिऱ्हाइकाचा टीडीएस भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ठराविक वार्षिक मर्यादेपर्यंत सूट आहे, ती तुमच्या सीएकडून समजून घ्या. टेरी टॉवेलच्या निर्यातदारांनी तर परदेशी खरेदीदाराकडून क्रिप्टो घेऊच नये, कारण निर्यातीचे पैसे बँकेमार्फतच यावे लागतात.

व्यवहार अडकला तर

आधी ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे नेटवर्कवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, व्यवहाराचा आयडी न शोधता तुमचा पत्ता टाका. प्रामाणिक गिऱ्हाइकाने फी वाढवली तरी आयडी बदलतो, त्यामुळे जुना आयडी सापडला नाही म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. पत्त्यावर व्यवहार दिसतोय पण बराच वेळ कन्फर्म होत नसेल तर बहुधा फी कमी पडली आहे. गिऱ्हाइकाला त्याच्याच वॉलेटमधून ती वाढवायला सांगा. पत्त्यावर काहीच नसेल तर माल देऊ नका. माल गेला असेल तर बिल, पत्ता आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा आणि त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.