वृद्धाश्रमातल्या मावशींची मानसिक लवचिकता मोजताय? या चुका टाळा

काळजीवाहकांची मानसिक लवचिकता, म्हणजे ताणात तग धरण्याची आणि सावरण्याची ताकद, मोजायची म्हटलं की बरेच जण ‘ब्रीफ रेझिलियन्स स्केल’ हाताशी धरतात. २००८ साली आलेली ही प्रश्नावली सहाच विधानांची, चहाच्या सुट्टीत भरून होते. घोळ होतो तो नंतर, एक्सेलमध्ये.

प्रत्येक विधानाला १ (अजिबात सहमत नाही) ते ५ (पूर्ण सहमत) असे गुण. यातली १, ३, ५ ही विधानं सरळ आहेत, म्हणजे सहमती खंबीरपणा दाखवते. २, ४, ६ उलटी. उलट्यांचे गुण फिरवून घ्यायचे असतात, म्हणजे ५ चा १, ४ चा २. ते राहून गेलं तर काय होतं बघा. खंबीर मावशींनी ५, १, ५, १, ५, १ अशा खुणा केल्या, सरासरी आली ३. पार खचलेल्या मावशींनी नेमकं उलट भरलं, त्यांचीही ३. क्रोनबॅक अल्फा (सगळ्या विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घसरला किंवा चक्क उणे आला, तर आधी हे तपासा.

गुण नीट फिरवूनही बऱ्याच जणींना नेमके ३ मिळाले, तर मूळ कागद काढा. रात्रपाळी उरकून आलेल्या बाईने न वाचता सगळीकडे ‘सहमत’वर टिक केली की उत्तर ३ च येतं. आणि ३.०० ते ४.३० हा पट्टा ‘सामान्य’ धरतात, त्यामुळे असला कागद बिनबोभाट खपून जातो.

फॉर्म मॅनेजर मॅडमनी वाटायचे आणि त्यांनीच गोळा करायचे, हा प्रकार तर बंदच करा. ड्यूटी लावणाऱ्यांसमोर ‘मला सावरायला वेळ लागतो’ असं कोण कबूल करेल? नाव विचारलं नाही म्हणून खूश होऊ नका. पंधरा जणींच्या आश्रमात वय, गाव आणि कामाची पाळी लिहून घेतली की नाव कळलंच. वाचता येत नसेल तर विधानं वाचून दाखवा, पण एकेकीला, बाजूला बसवून.

कॉनर-डेव्हिडसन (२००३) ही २५ विधानांची, ० ते १०० गुणांची प्रश्नावली परवानगी घेऊनच वापरायची. तिच्या गुणांची तुलना ब्रीफ स्केलच्या सरासरीशी करू नका. ती माणसाच्या अंगचं बळ विचारते, ब्रीफ स्केल सावरणं विचारते.

‘जुन्या मावशी जास्त खंबीर’ हा निष्कर्षही जपून काढा. ज्यांना झेपलं नाही त्या केव्हाच काम सोडून गेल्या, त्यांचा फॉर्म तुमच्याकडे नाहीच. हजेरीपटावरून वर्षभरात किती जणी गेल्या ते काढा आणि अहवालात गुणांशेजारीच छापा. सोबत रात्री एका बाईमागे अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा किती, तेही.